सव्वीस नंबर

बसच्या शेवटच्या सीटखाली भावनाबाईंनी दुसऱ्यांदा वाकून पाहिलं. संत्र्याची सालं आणि कुणाचा तरी एक मोजा, एवढंच होतं. त्या उठल्या तेव्हा बसच्या दारात कृतिकाचे वडील, कमलेश, गाडीची किल्ली हातात घेऊन उभे होते.

"कृतिका कुठंय, मॅडम?"

कल्याणच्या शाळेच्या फाटकातून बाकीची मुलं आयांचे हात धरून पांगली होती. चौथीची सहल. चाळीस मुलं घेऊन बाई सकाळी कोलशेतला गेल्या होत्या, खाडीकाठचं दोनशे वर्षांचं घर आणि त्याची बाग दाखवायला. परत निघताना त्यांनी बसमध्ये पुढच्या दांड्याला धरून, यादीवर बोट ठेवून हजेरी घेतली होती. ज्याने त्याने आपला नंबर सांगायचा. कृतिकाचा सव्वीस. तो त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता, जरा जास्तच मोठ्यानं. मुलं हसलीही होती.

कृतिकाच्या शेजारी बसणारी करिश्मा अजून आईसोबत रेंगाळत होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, होती की माझ्या शेजारी. खिडकीकडे तोंड करून, सहलीची पिवळी टोपी पार भुवयांपर्यंत ओढून बसलेली. रस्ताभर प्रश्न विचारत होती, पुलावर तर फारच.

"गावठी बोलत होती बाई. 'यो काय, यो काय' असं. मला वाटलं मस्करी करतेय," करिश्मा म्हणाली आणि आपला तळवा फ्रॉकला पुसला. "हात धरून बसलेली माझा. एकदम गार."

तेवढ्यात शिपाई बाबुराव ऑफिसातून धावत आले. कोलशेतहून फोन होता. त्या घराच्या मालकीण थेल्मा आंटींनी निरोप दिला होता की तुमची एक मुलगी इथे राहिली आहे, घाबरू नका, सुखरूप आहे.

कमलेशने गाडी काढली. बाई मागे बसल्या. भिवंडी बायपासवर गाडी ट्रकांच्या रांगेत अडकली. मग आरशातून त्याने एकदाच पाहिलं.

"मोजली होती ना पोरं?"

"मोजली होती."

उत्तर त्यांचं त्यांनाच ओशाळवाणं वाटलं. बावीस वर्षांच्या नोकरीत एकही मूल कुठे विसरलं नव्हतं. उद्या मुख्याध्यापकांपुढे काय ते लिहून द्यावं लागणार होतं, नोकरीवर बेतलं तर बेतणार होतं. पण या घडीला त्यांच्या डोक्यात ते नव्हतं. चाळीस आवाज आले होते. एकाच मुलाने दोनदा ओ दिली असेल का, म्हणून त्या मनातल्या मनात एकेक आवाज आठवत राहिल्या. सव्विसाव्यापाशी प्रत्येक वेळी अडकत होत्या. तो आवाज त्यांच्या वर्गातला नव्हता.

कोलशेतला पोचेपर्यंत साडेपाच वाजून गेले. नव्या टॉवरांच्या मधे दडलेली ती बाग सकाळी पोपटांनी नुसती गजबजली होती. आता चिकूच्या झाडांखाली अंधारून आलं होतं आणि पान हलत नव्हतं. फाटक सताड उघडं होतं.

कृतिका स्वयंपाकघरात भात आणि कोळंबीचं कालवण खात बसली होती. कमलेशने तिला पोटाशी धरलं, आणि मग खांदे धरून गदागदा हलवलं. मागे का राहिलीस?

"तिला बसमध्ये बसायचं होतं," कृतिका म्हणाली. "कुणी मागे राहिलं तरच तिला जाता येतं. मी म्हटलं, माझा नंबर सांग. टोपी पण दिली."

"कुणाला?"

"बागेतल्या मुलीला. मला माहीत होतं ना, पप्पा न्यायला येणार."

कमलेशने थेल्मा आंटींकडे पाहिलं. या घरात कितीतरी वर्षांत मूल नाही, त्या म्हणाल्या. नऊ वर्षांच्या लेकीला तान्ह्या बाळासारखी उचलून तो गाडीकडे चालू लागला.

बाई माफी मागायला थांबल्या. ऐंशीच्या घरातल्या थेल्मा आंटी कृतिकाची थाळी पुसत होत्या. माफीकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"तिकडे उतरली का ती?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"गोदा. आमच्या माळ्याची पोर. धाकूची."

उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. गोदा त्यांच्याच वयाची. आंटी रोज मोटारीतून ठाण्याला कॉन्व्हेंटमध्ये जायच्या, आणि गोदा फाटक उघडून कुंपणाच्या टोकापर्यंत मोटारीमागे पळायची. पोरीला शाळेत घाला म्हणून धाकूने किती वेळा हात जोडले. आंटींचे पप्पा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

"फाटक कोण उघडणार होतं मग?" आंटी म्हणाल्या. "त्याच साली तापाने गेली."

थाळी केव्हाच कोरडी झाली होती, तरी त्या पुसत राहिल्या. शाळांच्या सहली आपण तिच्यासाठीच बोलवायला लागलो, त्या म्हणाल्या. चार पोरं दिसली तर तिचं मन रमेल असं वाटलं होतं. पण प्रत्येक बस सुटली की संध्याकाळभर फाटक वाजायचं. आज वाजलं नाही.

बाईंच्या पर्समध्ये फोन वाजला. बाबुराव होते.

"बाई, तुमच्या वर्गात एक मुलगी बसलीय. पहिल्या बाकावर. नाव विचारलं तर सांगत नाही, नुसती फळ्याकडे बघतेय. घरचं कुणी आलेलं नाही. मला कुलूप लावायचंय, काय करू?"

बाहेर कमलेशने हॉर्न वाजवला. बाबुरावांचा आवाज थेल्मा आंटींपर्यंत पोचला असावा; त्यांनी थाळी फळीवर ठेवली आणि हातातलं फडकं घट्ट मुठीत धरलं.

"तिला अक्षरओळख नाही, टीचर," त्या म्हणाल्या. "रागावू नका तिला."

बाईंनी पदराने कपाळ टिपलं. फोनमध्ये बाबुराव हॅलो, हॅलो करत होते.

"कुलूप लावू नका," त्या म्हणाल्या. "दिवा लावा, आणि फळा पुसून ठेवा. मी येतेय."