कमरेतून कोपरात

मित्रांनो, नाकं मुरडू नका. मी हाडाचा एक जुना तुकडा आहे, बोटभर लांबीचा. वेवजी गावच्या चिमीच्या कमरेत माझा जन्म झाला. नागलीच्या भाकरीवर मी वाढलो. पाण्याचा हंडा, पुढे तिची दोन पोरं, सगळी माझ्याच आधाराने तिच्या कडेवर बसली. कौतुक मात्र कुणी केलं नाही. कमरेच्या हाडाचं कौतुक करतं कोण?

चिमी उंबरगावला एका कंपनीत कामाला जायची. एकदा परत येताना जीपच्या खिडकीतून उजवं कोपर बाहेर काढून बसली होती. समोरून आलेला ट्रक त्याला घासून गेला. कोपराच्या हाडाचे तुकडे रस्त्यावरच राहिले. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी ते खिंडार भरायला मला कमरेतून काढलं, "मजबूत आहे" म्हणाल्या आणि पोलादी पट्टी लावून, स्क्रू पिळून कोपरात बसवलं. आयुष्यात मिळालेली शाबासकी ती तेवढीच.

नव्या जागी माझा कुणावर विश्वास बसेना. शेजारची पोलादी पट्टी माझ्यावर पाळत ठेवून आहे असंच वाटायचं. पण माझ्याहून संशयी निघाली चिमी. शुद्धीवर येऊन बघते तर कमरेलाही टाके! हात मोडला, मग कंबर कशाला कापली? नवऱ्याला, सुदामला विचारलं की तो भलतंच काहीतरी बोलायचा. आपलं चांगलं हाड काढून विकलं, असं तिने मनाशी धरलं. घरी आल्यावर नणंद भारती कानाशी लागली, की कोपरात मेलेल्या माणसाचं हाड बसवतात म्हणे. झालं! मढ्याचं हाड असलेला हात चिमी अन्नाला लावेना. ती डाव्या हाताने जेवायची आणि उजवा गळ्यात बांधलेल्या झोळीत ठेवायची. कोपर रोज वाकवायला सांगितलं होतं, नाहीतर ते कायमचं आखडणार होतं. मी आत नुसता तळमळत होतो. अगं बाई, मी तुझाच आहे! पण हाडाला कुठलं आलंय तोंड?

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई हात वाकवू लागल्या, तसा चिमीने तो मागे ओढला आणि सरळच विचारलं, "माझ्या कमरेतलं हाड कोणाला विकलं?"

बाई चपापल्या. त्यांनी चिमीचा डावा हात आधी कमरेवरच्या खळग्यावर ठेवला, मग कोपरावर. "इथलं काढून इथे बसवलंय, चिमीताई. तुमचंच आहे. तुमच्या नवऱ्याला सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं, ते आमचं चुकलं."

चिमी सुदामकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

"तू नको म्हणशील असं वाटलं," सुदाम जमिनीकडे बघत म्हणाला. "मग हात गेला असता."

चिमी त्याला मागे टाकून तरातरा बाहेर निघाली. खरं सांगतो, मलाही सुदामचा रागच आला होता.

मित्रांनो, हाडं जुळवणारी माणसं मोठी गुणाची असतात. पण ज्याचं हाड, त्याला सांगितल्याशिवाय ते हलवू नका. आणि बरं झालेलं कोपर झोळीत जपून ठेवू नका, त्याला कामाला लावा.

त्या दिवशी घरी चिमीने उजव्या हाताने भाकरी मोडली. हात वर उचलला. मी कण्हलो, पण सरकलो नाही. घास तोंडापासून चार बोटांवर अडला. सुदामने चटकन तिचं कोपर धरायला हात पुढे केला.

"हात लावू नको," चिमी म्हणाली. "आधी विचार."

सुदामने विचारलं. चिमी नको म्हणाली. तिने मान खाली वाकवली आणि घास स्वतःच घेतला.