आखूड कापड

दिघाशीच्या अंगणवाडीवर ताणायच्या कापडी छताचा शेवटचा कोपरा खांबापासून वीतभर अलीकडेच अडला. कमळासारखं उमलणारं ते छत मृणालीने संगणकावर पाकळी-पाकळीने बेतलं होतं.

"वहिनी, आखूड हाय," तिचा दीर दीपेश शिडीवरून म्हणाला. "भिवंडीत राहून कापड कमी पडलं व्हय?"

"मुद्दाम आखूड कापलंय. ताणलं की वाढतं. आवळ."

"फाटलं तर?"

फाटलं तर हे पहिलंच काम तिचं शेवटचं ठरणार होतं.

"आवळ," ती पुन्हा म्हणाली.

दीपेशने पाना फिरवला. कापडाचा जोड करकरला. हळूहळू सुरकुत्या विरत गेल्या आणि कोपरा खांबाच्या कडीत जाऊन बसला.

दीपेशने घाम पुसला.

"माझ्या लग्नाचा कोट मातर तुमी बेतू नका, वहिनी."