गाळलेली ओळ

अनुदानाची यादी कपाटात ठेवू नका, चारचौघांत वाचा, ही मागणी माझीच. त्यासाठी मी दोन वर्षं कृषी कार्यालयाचे उंबरठे झिजवले, बड्या बागायतदारांशी वैर घेतलं. म्हणून पहिलं वाचनही माझ्याकडेच आलं. आवाज खणखणीत, तीस वर्षं वर्गात ओरडून कमावलेला. त्या सकाळी शाळेच्या सभागृहात मी छाती पुढे काढूनच उभा होतो, हे कबूल करतो.

पद्धत साधी होती. मी नाव, क्षेत्र, पीक वाचायचं. त्या माणसाने उभं राहायचं. पीक स्वतः पाहिलेल्या दोघांनी हात वर केले, की कृषी अधिकारी बाई ते नाव वहीत उतरवणार. वहीत नाव नाही त्याचं यंदाचं अनुदान गेलं.

पहिल्याच पानावर आमचे डॉक्टर सापडले. त्यांच्या पडीक जमिनीत कागदावर मका डोलत होता. एकही हात वर गेला नाही. लोक खो-खो हसले, डॉक्टर मान खाली घालून निघून गेले. मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

तिसऱ्या पानावर माझ्या धाकट्या भावाचं नाव होतं. दीड एकर, सूर्यफूल.

त्याच्या शेतावरून मी रोज स्कूटरने जातो. रस्त्याकडेला नुसतं तण माजलंय, कसलं सूर्यफूल! बांधावरून आमचं वाजलं, तेव्हापासून दोन वर्षं मी तिथे पाय ठेवला नव्हता. म्हटलं, झालं, यानेही नाक कापलं. नजर एक ओळ खाली उतरवली आणि पुढचं नाव तेवढ्याच खणखणीत आवाजात वाचलं.

शेवटी बाईंनी विचारलं, "कोणी राहिलंय का?"

मागच्या रांगेतून भाऊ उठला. "माझं नाव नाही आलं, बाई. अर्ज भरला होता." मग माझ्याकडे बघून स्वतःच म्हणाला, "पण दादाने वाचलंय म्हणजे यादीत नसेलच. माझाच कागद काही कमी पडला असेल. राहू द्या."

"राहू द्या काय?" मधमाश्या पाळणारी शेजारीण उसळली. "चढापलीकडचं अख्खं रान पिवळं झालंय! माझ्या पेट्या महिनाभर तिथेच आहेत."

चढापलीकडे. रस्त्यावरून ते दिसत नाही.

मी पान उलटल्यासारखं केलं. "आहे की. चुकून सुटलं वाटतं."

"चष्मा बदल, दादा!" भाऊ हसला, त्याच्याबरोबर सगळे हसले. मी नाव वाचलं. दोन काय, वीस हात वर गेले. शेतावर जाऊन न आलेला मी एकटाच होतो बहुतेक.

बाई लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, "मास्तर, सख्खे भाऊ तुम्ही. तुमचाही हात असू दे की."

हात उचलला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. तो उचलेना. लाजेने कान तापले होते.

"मी पीक पाहिलेलं नाही," मी म्हणालो. आवाज कुठल्या कुठे गेला होता. "आणि नाव चुकून सुटलं नाही. हा खोटं बोलतोय असं वाटलं, म्हणून गाळलं. घराची अब्रू झाकायला."

कोणी हसलं नाही. डॉक्टरांचं नाव मी कसं ठणकावून वाचलं होतं, ते सगळ्यांनाच आठवलं असणार. मला तर आठवलंच. बाईंनी भावाचं नाव लिहून पूर्ण केलं आणि यादीसाठी हात पुढे केला. मी ती देऊन टाकली.

भाऊ अजून उभाच होता. त्याचं हसू मावळलं होतं, पण तो रागावलेलाही दिसेना. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

"रस्त्यावरून नुसता हॉर्न वाजवायचास, दादा," तो म्हणाला. "मी येऊन तुला घेऊन गेलो असतो."