अंगावरचा पांढरा लेप

पहाटेपासूनची ही तिसरी सुटका. पाय भरून आले होते, पाठ मोडायला आली होती. करक गावातल्या आमच्या दवाखान्यात सुईण एकटी मीच. रुदैनाचा मुलगा तीन आठवडे आधीच आला, पण रडला खणखणीत.

दाराशी तिची सासू, उम्म नायेफ, उभी; सगळे तिला मानानं हज्जा म्हणतात. एका हातात जैतुनाचं तेल, दुसऱ्या हातात वाटीभर बारीक मीठ.

"दे इकडे, चोळून देते. मीठ न लावलेलं पोर पुढे निर्लज्ज निघतं."

"हज्जा, तुमच्या धाकट्याला तर पोतंभर चोळलं होतं म्हणे. लाजला का कधी?"

खाटेवर रुदैना हसली. म्हातारी नाही हसली.

"हिची मागची पोर आठव्या दिवशी तापानं गेली. बेंबीत पू झाला होता. या खेपेला कसूर नको."

बाळाच्या अंगभर लोण्यासारखा पांढरा लेप होता. त्यात पेप्टाइड म्हणतात ते प्रथिनांचे बारीक तुकडे असतात. जंतू अंगाला भिडला की त्याचं कवचच फोडतात. कुणी शिकवावं लागत नाही. देणाऱ्यानं पोटातूनच अंगाला माखून पाठवलेलं असतं. मागावं लागत नाही, फक्त पुसू नये. मिठानं लेपाचं बळ ओसरतं, कोवळी कातडी सोलते, मीठ रक्तात उतरतं.

हे सगळं तिला सांगितलं. तिनं ऐकलं. वाटी हातातच.

"म्हणजे मागच्या पोरीला मी मीठ चोळलं, म्हणून..."

दमलेल्या माणसाला खोटं पटकन सुचतं. मलाही सुचलं होतं, पण ते मी ओठावर आणलं नाही.

"कशानं गेली ते अल्लालाच ठाऊक. पण हज्जा, तुम्ही चोळायच्या आधी साबणानं तो लेप मीच धुतला होता. तेव्हा सगळ्यांचाच धुवायचे मी. लखलखीत बाळ हातात दिलं की घरचे खूश."

तिनं तेल खाली ठेवलं. मग वाटी खिडकीत ठेवली.

"दे."

माझे हात पुढे होईनात.

"पुसणार नाही गं बाई. दे म्हणते ना!"

मी दिलं. तिनं बाळ रुदैनाच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. म्हातारीच्या बोटांना लेप लागला होता. सवयीनं ती बाहीला पुसायला गेली, थांबली, आणि हलकेच बाळाच्याच पाठीला लावून टाकला.