बाईंची धून मी छापली

मी एक जुना प्रिंटर आहे. जुना म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडू देत! मित्रांनो, आधी मी छापलेल्या, स्वर ज्यांवर लिहितात त्या पाच रेघा बघा आणि मग बोला.

कारखान्यातून निघालो तो थेट एका कचेरीत जाऊन पडलो. तिथे माझी उमेदीची वर्षं नोटिसा छापण्यात गेली. नवा प्रिंटर आला तशी माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला उचलून आणलं ते संगीतवर्ग चालवणाऱ्या बाईंच्या सुनेने. व्हायोलिनच्या पेट्या आणि खुर्च्यांच्या गर्दीत मला टेबल मिळालं, आणि माझे दिवस पालटले.

बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रचना शिकवल्या. म्हातारपणी स्वतःची एक धून रचली, पण हात इतका थरथरे की स्वराचं टिंब रेघेवर बसेना. कानही साथ सोडू लागले होते.

"ऐकू येतंय तोवर एकदा सगळ्यांनी मिळून वाजवलेली ऐकायची आहे गं," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही गुणगुणा. मी कॉम्प्युटरवर लिहिते," सून म्हणाली.

स्वर लिहायचं सॉफ्टवेअर निवडताना तिला एक भलतंच दिमाखदार सापडलं. लिहिलेलं लगेच स्पीकरवर वाजवून दाखवायचं. झालं, सगळे त्याच्यावर लट्टू! कागदावर कसं उतरतं, हे मला कोणी विचारलं नाही.

सरावाच्या दिवशी वर्गातल्या प्रत्येक वादकाच्या स्टँडवर माझी पानं लागली. बाई पुढच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या. धून रंगात आली, तान भराभर वर चढू लागली आणि नेमकं तिथेच पान संपलं. त्या सॉफ्टवेअरला एवढंच ठाऊक, पान भरलं की पुढचं घ्यायचं. सगळ्यांनी एकदमच वाजवणं सोडून पान उलटलं. खोलीत चिडीचूप.

बाईंनी दोन्ही कानांवर हात नेले. "गेले गं माझे कान! मधेच गेले!"

सून धावली. "नाही हो आई, कान शाबूत आहेत! आम्हीच थांबलो. पान उलटायला हात मोकळा नको का?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. मग कडाडल्या, "अगं, मी हाताने लिहायची तेव्हा पान विश्रांतीच्या जागी संपवायची. वाजवणारा जिथे थांबतो तिथे!"

"स्पीकरला कुठे पान उलटावं लागतं!" चेलो, म्हणजे ते थोरलं व्हायोलिन, वाजवणारे काका पुटपुटले.

सुनेने पुन्हा शोध सुरू केला. आता ती प्रत्येक सॉफ्टवेअरमधून तीच तान माझ्याकडून छापून घेई, स्टँडवर लावी आणि वाजवता वाजवता पान उलटून बघे. शेवटी एक साधंसुधं निवडलं. त्याचा आवाज डबड्यात खडे वाजवल्यासारखा, पण पान कुठे संपवायचं हे सांगितलं की मुकाट्याने ऐकायचं. कॉम्प्युटरची निवड माझ्या कागदावर ठरली, मित्रांनो! माझी छाती फुगली नसती तरच नवल.

व्हायोलिनची पानं एका जागी संपवली, चेलोची दुसऱ्या. एकजण पान उलटी तेव्हा दुसरा वाजवत राही. धून अखंड वाहिली आणि संपली. टाळी कुणीच वाजवेना. सगळे श्वास रोखून बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

बाईंनी डोळे उघडले. "चेलोवाले, शेवटी घाई केलीत. ऐकू येतं मला."

बोलणी खाऊन एवढा खूश झालेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता. काकांनी चक्क डोळे पुसले.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि नवं काही निवडाल तेव्हा त्याच्या दिमाखावर भुलू नका, ज्याला ते वापरायचं आहे त्याच्या हातात आधी देऊन बघा. मोठ्या दिमाखाने सांगतो, त्या दिवशी बाईंनी आपली धून तीनदा वाजवून घेतली, आणि तिन्ही वेळा अगदी शेवटच्या स्वरापर्यंत ऐकली.