बयाबाईची ओळ

शिरूरच्या एस.टी. स्टँडमागे आमचा छापखाना आहे. आमचे हे होते तेव्हा पायाने चालवायचे ट्रेडल मशीन होते. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक जुळवून ओळ व्हायची. प्रूफ काढून गिऱ्हाइकाची सही घ्यायची, आणि प्रुफावर जे असेल तेच शेवटच्या कागदापर्यंत उमटायचे. मध्येच एखादे नाव गाळायचे म्हटले तर मशीन थांबवा, चौकट सोडा, खिळे उपसा. लबाडीलासुद्धा घाम गाळावा लागायचा. आता माझा मुलगा दत्ता नुसते बोट दाबतो आणि ओळ जाते.

मी अजूनही दुकानात बसते. पत्रिकांना दोरे ओवते, घड्या घालते. कुणाचे काम आधी, कुणाचे नंतर, हे दत्ता माझ्यासमोरच ठरवतो.

पाबळजवळच्या वाडीवरचे हनुमंतराव मुलीची, पूनमची, लग्नपत्रिका छापायला टाकायला आले ते मला चांगले आठवते. मुलगा खुटबावचा, घरचा ऊस. हनुमंतरावांबरोबर त्यांची थोरली बहीण बयाबाई होती. पूनमची आई बाळंतपणातच गेली, तेव्हापासून पोर हिच्याच ओटीत. मेंढरांमागे फिरायच्या त्या काळात बयाबाई तिला घोड्यावर सामानात बांधून नेत असे. ती दाराजवळच्या बाकावर बसली आणि हनुमंतराव दत्तापुढे.

आमच्या धंद्यात खर्चाचा अंदाज नावांवर निघतो. नावे किती त्यावर कार्डाचे माप, आणि मापावर पाकीट.

"दत्ताशेठ, मारुतरावांचं नाव वर घ्या. सोनेरी, ठसठशीत."

"सोनेरीला वेगळा दर पडतो."

"पडू द्या की. साखर कारखान्याचा संचालक दारात येतोय, काळ्या शाईत कसा बोलवायचा?"

मग पतसंस्थेचे झाले, दूधसंघाचे झाले, सगळी भावकी झाली. बाकावरून बयाबाई म्हणाली, "आन् माझं?"

हनुमंतरावांनी मागे वळून पाहिले नाही. "तुझं काय लिवायचं ते तूच सांग, आक्के. सौ. लिवलं तर पाव्हणं म्हणतील, दाजी कुठं हायती? श्रीमती लिवलं, तर दाजी तिकडं वरवंडात दुसरीच्या घरी धडधाकट. त्यो यील बोंबलत, मला जित्तेपणी मारला म्हून."

दुकानात दोन गिऱ्हाइके होती, ती हसली. दत्ताही हसला.

"नुसतं बयाबाई लिवा."

"नुसतं नाव म्हशीचं असतंय."

पुन्हा हसणे झाले. दत्ता जरा समजावणीच्या सुरात म्हणाला, "मावशी, तशी जागाच नाही. अजून एक ओळ घातली की कार्ड मोठं, कार्ड मोठं की पाकीट मोठं."

"फरक किती पडतोय?"

दत्ताने आकडा सांगितला. ती बाकावरून उठली आणि भावाच्या मागे निघून गेली.

आठवडी बाजाराच्या दिवशी ती एकटी आली. दोन शेरडे विकून आली होती. पदराची गाठ सोडून तिने फरकाचे सगळे पैसे टेबलावर ठेवले. "सौ. नको आन् श्रीमती नको. आत्या, बयाबाई, एवढं घाला. आत्या तर हाय ना मी तिची?"

दत्ताने पैसे मोजून घेतले. ती गेल्यावर हनुमंतरावांना फोन लावला. तो फोन टेबलावर ठेवूनच बोलतो, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"पैसं ठिवून घ्या," हनुमंतराव म्हणाले, "परत केलं तर संशय यील. तिला तिच्या नावाची एक पत्रिका काढून द्या. बाकीच्या आपल्या ठरल्यात तशा. आन् त्या पैशात मारुतरावांचा रंगीत फोटू बसवा."

मी दत्ताला म्हणाले, "ते पैसे आजच्या आज तिला परत दे."

"गिऱ्हाईक हनुमंतराव आहेत, आई. कुणाचं नाव घालायचं ते त्यांनी ठरवायचं."

"मी सांगेन तिला."

"सांग. ती जाऊन तिकडं रडेल, खुटबावकरांच्या कानावर जाईल. पोरीचं लग्न मोडलं तर तू जोडायला जा."

त्याने तशी एक पत्रिका काढली. सोनेरी अक्षरे नव्हती, पण कागद तोच. बयाबाई ती घ्यायला आली तेव्हा नावावर बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागली. पूनम पहिलीत होती तेव्हा तिच्याच पुस्तकावर ही शिकली होती. ब, या, बा, ई. मग तिने ती पत्रिका दुकानात बसलेल्या सगळ्यांना दाखवली.

"नशिबाची हाईस," एक बाई म्हणाली. "आमच्यात आत्याला हळदीच्या जात्यापुरती इचारत्यात."

लग्न चार दिवसांवर आले असताना बयाबाई पुन्हा आली. दत्ता बँकेत गेला होता. ती माझ्याजवळ बसली.

"वैनी, एक पत्रिका द्या की. पहिली पत्रिका देवाची, म्हून हनुमंता म्हनला, तुझीच ठिव बिरोबाफुडं, तुझ्या हातानं. मी ठिवली. आता माझ्यापाशी एक न्हाई. बाकीच्या वाटून सपल्या म्हनतो."

"आता कुणाला द्यायची राहिली?"

"वरवंडला धाडायची हाय, नवऱ्याला. त्यानं बघावं, एवढंच. त्याच्याबिगर बी माझं नाव छापत्यात."

मी दोरा ओवणे थांबवले. काय बोलावे ते जुळवत होते, तोवर संगणकावर बसणाऱ्या सायलीने नमुन्यांच्या फायलीतून पूनमची पत्रिका काढून तिच्या हातात दिलीसुद्धा. सायली नवीन होती, तिला काही ठाऊक नव्हते.

बयाबाईचे बोट खाली खाली सरकले. जिथे तिची ओळ होती तिथे मारुतराव हात जोडून हसत होते. तिने पत्रिका उलटून पाहिली.

"ही दुसऱ्या पूनमची हाय."

"नाही मावशी, हीच आहे," सायली म्हणाली. "सगळ्या अशाच आहेत."

तेवढ्यात दत्ता आला. पत्रिका पाहून काय झाले ते त्याला कळले.

"आता तूच सांग तिला," मी म्हणाले.

"मला काय सांगायचंय? मावशी, पूनमनं ओके केल्याशिवाय आम्ही छापत नाही." त्याने खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. पत्रिकेचा फोटो होता आणि खाली पूनमचे उत्तर.

"तिनं वाचली व्हय?"

"सगळी वाचली. मारुतरावांच्या आडनावात चूक राहिली होती, तीसुद्धा तिनंच काढली."

"आन् माझं?"

"तुमचं काही म्हणाली नाही."

बयाबाई फोनकडे पाहत राहिली. पडदा आपोआप विझला, तरी पाहत राहिली. मग म्हणाली, "देवाफुडं खोटी ठिवली मी."

मी तिचा हात धरला. तो तिने हळूच सोडवून घेतला.

"मावशी," दत्ता म्हणाला, "लग्नात काही काढू नका हं. लोक जमलेले असतील."

"काढायला मी कोन, शेठ? पोरीची हळद माझ्या हातानं दळायची हाय." ती उठली. नमुन्याची पत्रिका तिच्या हातातच होती. "ही द्या मला. बिरोबाफुडची ती उचलून ही ठिवते. देवाला तरी खरी जाऊ द्या."

तिने सवयीने पदराची गाठ चाचपली. दत्ताने हात हलवून तिला थांबवले.

"न्या मावशी," तो म्हणाला. "हिचे पैसे नकोत."