शंभर टक्क्यांच्या बाहेर

नववीचा निकाल लागला आणि तांडापेठेतल्या रुख्माबाई लेकीला घेऊन उत्तराच्या केंद्रावर आल्या. महापालिकेच्या बंद पडलेल्या शाळेतल्या दोन खोल्यांत उत्तरा शाळा सुटलेल्या मुलांना शिकवायची. कुणी गॅरेजात लागलेलं, कुणी धाकट्या भावंडांपायी घरी बसलेलं. त्यांना पुन्हा शाळेत नेऊन बसवायचं, हे तिचं काम. इथे मात्र शाळेनंच मूल पाठवलं होतं.

"हेडसर म्हणे, पोरगी कमजोर आहे, तिले तिकडंच जमंल," रुख्माबाई म्हणाल्या. घरचे हातमाग केव्हाच बंद पडले होते. त्या मनीषनगरात लोकांकडे स्वयंपाक करायच्या. "शाळा सोडल्याचा दाखलाच हातात देला, मॅडम."

उत्तरानं काजलला फळ्यावर गणित घातलं. काजलनं ते सोडवलं आणि खडू भिंतीवर भिरकावला.

"येतं की तुला! मग नापास कशी झालीस?"

"बाबा मेडिकलच्या दवाखान्यात भरती होते. मी त्यायच्यापाशी होती. पेपर बुडला." तिचा आवाज चढला. "मी शाळा नाही सोडली, मॅडम. मले हाकललं!"

त्याच आठवड्यात त्याच शाळेतून आणखी मुलं आली. सगळी दहावीच्या उंबरठ्यावरची. उत्तराचं डोकं तडकलं. रुख्माबाई, काजल आणि त्या मुलांच्या आया, सगळ्यांना घेऊन ती शाळेवर गेली. फाटकावर फलक होता : दहावीच्या शंभर टक्के निकालाची परंपरा.

बाकीच्या आयांना शिपायानं फाटकाबाहेरच थांबवलं. मुख्याध्यापक मनोहरराव शांतपणे बोलले. "आठवीपर्यंत कुणाला काढायचं नाही असा कायदा होता, आम्ही पाळला. आता निकाल बघावा लागतो. तुमचं केंद्र शाळा सुटण्याच्या धोक्यातल्या मुलांसाठीच आहे ना?"

"कालपर्यंत ही धोक्यात नव्हती," उत्तरा म्हणाली. "तिचा धोका तुम्ही आहात, सर."

त्यांनी तिच्याकडे बघणंच सोडलं. रुख्माबाईंना म्हणाले, "बाई, तुमच्या मुलीला घेतो परत. पण बाहेर बोलायचं नाही. बाकीच्यांचं मला जमणार नाही."

रुख्माबाईंनी हात जोडले. उत्तराला त्यांचा राग आला, आणि कुठल्या तोंडानं रागवावं तेही कळेना. आपलं लेकरू असतं तर तिनं काय केलं असतं?

काजल मात्र उठून थेट फाटकावर गेली. "काकू, सर म्हणून राहिले का मले एकटीलेच घेतो! तुमच्या पोरायले नाही!"

"काजल, चूप बस वं!" रुख्माबाई मागून धावल्या.

"काहून चूप बसू? चोरी केली का मी?"

मग आयांना आवरणं शिपायाच्या हातात राहिलं नाही. त्या आत घुसल्या, कार्यालयाच्या दारात बसल्या आणि उठेनात. कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं, ते शहरभर फिरलं. संध्याकाळी शिक्षण विभागातून फोन आला आणि मनोहररावांनी सगळ्या मुलांचे दाखले परत घेतले.

उत्तराला केंद्राच्या वरिष्ठांनी बोलावून झापलं : तुम्ही शिकवायला आहात, मोर्चे काढायला नाही. तिनं ऐकून घेतलं, माफी मागितली नाही.

जुलैत काजल केंद्रावर आली. शाळेनं त्या मुलांची वेगळी तुकडी केली होती, आणि त्या तुकडीला गणिताचा शिक्षकच दिला नव्हता.

"सगळ्यायले घेऊन येऊ का इथं, शाळा सुटल्यावर?" तिनं विचारलं.

"ये," उत्तरा म्हणाली. "पण आधी सगळ्यांना घेऊन मनोहररावांकडे शिक्षक मागायला जाऊ. आत्ताच."

आणि तिनं पायात चपला सरकवल्या.